एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

वटपौर्णिमेला आपण वडाला प्रदक्षिणा घालतो. आज मी पृथ्वीलाच प्रदक्षिणा घालणाऱ्या एका दर्यावर्दीची हकीकत सांगणार आहे. आपल्याला पाणी ठाऊक ते दुधनेचे. समुद्र आपल्यापासून फार लांब. तरीही ही हकीकत आपल्या घरची वाटेल.

त्या वेळी नौदलात कमांडर असलेले दिलीप दोंदे हे शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले भारतीय होत. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले व १९ मे २०१० रोजी मुंबईस परत आले. वाटेत ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे व दक्षिण आफ्रिका अशा चारच ठिकाणी त्यांनी मुक्काम केला.

मूळ कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णी गावी राहत. मुलूख कोरडा, पण मनात समुद्र! आपल्या माणसाने आपल्या देशात बांधलेल्या होडीतून जगाला फेरी घालावी, हा त्यांचा ध्यास. २००६ साली दोंदे या कामासाठी पुढे झाले. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी छपन्न फुटांची ‘म्हादेई’ बांधली. इंग्लंडचे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडून दोंदे यांनी धडे घेतले. न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते जगातले पहिले, साल १९६९. त्यांची ‘सुहेली’ होडी आपल्या मुंबईतच बांधलेली होती.

एकट्याने जाणे म्हणजे काय, हे घर चालवणारीला चटकन कळेल. शीड चढवणे-उतरवणे, दिशा पाहणे, स्वयंपाक, मोडले ते दुरुस्त करणे, सारे एकाच्याच अंगावर. झोपसुद्धा तुकड्यातुकड्यांनी. दक्षिणेकडे बोचरे वारे, घराएवढ्या लाटा, आणि हाकेला ओ देणारे कोणी नाही.

पुढे दोंदे यांनी आपली विद्या इतरांना दिली. त्यांच्याकडे शिकलेल्या सहा स्त्री-अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ होडीतून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी प्रदक्षिणा पुरी करून परतल्या. ही होडीही दांडेकरांचीच. त्याच वर्षी नोव्हेंबरात आवटी निवर्तले. मुलींचे यश पाहून गेले.

आपली मुलगी शिकायला परगावी जाते म्हणाली, की आपल्याच तोंडून आधी निघते, “एकटी कशी जाईल?” मीही माझ्या लेकीला असेच म्हणाले होते. आता वाटते, दोंदे होडीत एकटे होते खरे, पण त्यामागे तीन वर्षांची तयारी होती, होडी बांधणारे हात होते, शिकवणारे गुरू होते. तेव्हा मुलीची वाट अडवण्यापेक्षा तिची तयारी करून द्यावी. तेवढे तर आपल्या हाती आहे ना?