रद्दीतली हेरकथा

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनीही हजारावर. आज करमाळ्यात शोधायला निघालो तर आपल्या हाती किती लागतील? ही पुस्तकं वाचनालयांतून हातोहात फिरली, कव्हरं गेली, शेवटी वाण्याच्या पुड्या झाल्या. शास्त्रज्ञाचा शोध, चोरीला गेलेलं सूत्र, मागावरचे परदेशी हेर... आपण ‘टाइमपास’ म्हणून सोडून देतो. पण १९६२ आणि १९६५ ची युद्धं, मग १९७४ चं पोखरण. त्या काळात साध्या वाचकाला विज्ञानाचं कुतूहल किती आणि धास्ती किती, हे सरकारी दप्तरात थोडंच सापडणार? ते इथं आहे. तेव्हा असं जुनं पुस्तक हाती आलं, तर गोष्टीच्या आधी आतला वाचनालयाचा शिक्का आणि तारखा बघू. कुठं, किती वेळा वाचलं, ते तिथंच कळतं.