मुंबई बंदरातून क्रूझ निघते तेव्हा डेकवरून काय काय दिसतं?

मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई येते. सीएसएमटीहून टॅक्सीने काही मिनिटांत बॅलार्ड पिअर. गोवा किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ इथूनच सुटते.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसासाठी ही बऱ्याचदा पहिलीच समुद्रसफर असते. जहाजावर चढलं की अनेकजण आधी केबिन शोधतात, मग बुफेच्या रांगेत उभे राहतात. तोवर जहाज धक्का सोडतं आणि तास-दीड तासात मुंबई मागे पडते. संपूर्ण सफरीत बघण्यासारखं सगळ्यात जास्त याच वेळेत असतं. पुढे बराच काळ नुसतं पाणी.

जहाज निघतं कसं?

एवढं मोठं जहाज गाडीसारखं वळवून काढता येत नाही. 'टग' नावाच्या छोट्या पण ताकदवान बोटी त्याला धक्क्यापासून ओढून किंवा ढकलून मोकळ्या पाण्यात आणतात. कप्तानाच्या सोबतीला बंदराचा पायलट असतो. बंदरातले खडक, उथळ जागा आणि भरती-ओहोटी याची त्याला खडान्‌खडा माहिती असते. बंदराबाहेर पडल्यावर तो छोट्या बोटीतून परत जातो. चालत्या जहाजावरून शिडीने उतरणारा पायलट बघणं हा एक वेगळाच अनुभव आहे.

त्याआधी प्रवाशांना सुरक्षेची माहिती दिली जाते. लाइफ जॅकेट कसं घालायचं आणि भोंगा वाजला तर कुठे जमायचं, हे सांगतात. ते टाळू नये.

उजवीकडे काय?

जहाज दक्षिणेकडे निघालं की पुढे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला मुंबई शहर असतं. सुरुवातीला नौदलाची गोदी लागते. मुंबईच्या गोदीची सुरुवात १७३५ ची. लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांच्या वंशजांनी इथे सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेलं आहे. नौदलाच्या भागाचे फोटो मात्र काढायचे नाहीत.

पुढे गेटवे ऑफ इंडिया. जमिनीवरून आपण बघतो ती त्याची शहराकडची बाजू. गेटवे बांधला तो समुद्रातून येणाऱ्यांसाठी, त्यामुळे त्याचं खरं रूप पाण्यातूनच कळतं. १९२४ साली तो खुला झाला आणि फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. शेजारी १९०३ साली सुरू झालेलं ताजमहाल हॉटेल. त्यानंतर कुलाबा आणि अगदी टोकाला, पाण्यात उभं असलेलं प्राँग्ज दीपगृह.

डावीकडे काय?

डाव्या हाताला मागच्या बाजूला, हवा स्वच्छ असेल तर अटल सेतूची लांबलचक रेघ दिसते. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा पूल सुमारे २२ किलोमीटर लांब आहे. अलीकडे तेलाची जहाजं लागतात ते जवाहर द्वीप आणि त्यामागे हिरव्या टेकड्यांचं घारापुरी बेट. लेणी जहाजावरून दिसत नाहीत. पण ज्या काळ्या बेसॉल्ट खडकात ती कोरली, तोच खडक लोणार सरोवराच्या काठावरही आहे. दख्खनच्या लाव्हाचा हा थर विदर्भापासून थेट समुद्रापर्यंत पसरलेला आहे.

बेटाच्या दक्षिणेला न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन, मग उरण, रेवस, मांडवा. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बंदराच्या आत, किनारा जवळ असतानाही पावसाळ्यातला समुद्र काय करू शकतो, हे त्या दिवशी दिसलं.

याच पाण्यातून गेलेला खामगावचा कापूस

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची गरज पडली. खामगावची बाजारपेठ फुगली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा छोटा लोहमार्ग सुरू झाला, तोही मुख्यतः कापसासाठी. तिथल्या गाठी रेल्वेने मुंबईला यायच्या आणि जहाजात भरून याच बंदरातून परदेशी जायच्या. शेतकरी खामगावात, भाव ठरणार लिव्हरपूलच्या बाजारात. आज डेकवर उभा असलेला बुलढाण्याचा प्रवासी ज्या वाटेने सुट्टीला निघालाय, त्या वाटेने त्याच्या गावचा कापूस दीडशे वर्षांपूर्वीच गेला होता.

शेवटी दिसतो तो खांदेरी

मुंबई मागे पडल्यावर डाव्या बाजूला थळच्या किनाऱ्यासमोर दोन छोटी बेटं येतात, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी तो अडवण्यासाठी जहाजं पाठवली. मराठ्यांचं आरमार मागे हटलं नाही आणि किल्ला उभा राहिला. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव. तिथून आलेल्या माणसाने त्यांच्या मुलाचा हा जलदुर्ग न बघता केबिनमध्ये बसणं बरं नाही. जुलै २०२५ मध्ये खांदेरी जागतिक वारसा यादीतही गेला. अंधार पडला असेल तर किल्ला दिसत नाही, पण बेटावरच्या दीपगृहाचा दिवा लुकलुकताना दिसतो.

हे लक्षात ठेवा

- दोन्ही बाजू एकदम बघायच्या असतील तर जहाजाच्या मागच्या टोकाचा उघडा डेक चांगला.
- संध्याकाळी सूर्य शहराच्या मागे असतो. त्यामुळे गेटवेचे फोटो काळपट येतात, घारापुरीची बाजू मात्र उजळ येते. दिवे लागल्यावर शहराचे फोटो छान येतात.
- बंदरातून बाहेर पडताना लाल बोये उजवीकडे आणि हिरवे डावीकडे दिसतात. त्यांच्या मधली वाट म्हणजे जहाजाचा रस्ता.
- मरीन ड्राइव्ह शहराच्या पलीकडच्या, पश्चिम किनाऱ्यावर आहे. गोव्याकडे जाणारं जहाज त्याच्यासमोरून जात नाही, त्यामुळे त्याची वाट बघत बसू नये.
- किनारा दूर गेला की मोबाइलचं नेटवर्कही जातं. घरी फोन करायचा असेल तर खांदेरी मागे पडायच्या आत करून घ्यावा.