जिंजी : परतीसाठी राखलेला गड

१६८९ च्या फेब्रुवारीत संभाजीराजे संगमेश्वरी पकडले गेले. मार्चमध्ये त्यांची हत्या झाली आणि त्याच महिन्यात झुल्फिकारखानाने रायगडाला वेढा घातला. राजाराम महाराज एप्रिलमध्ये गडावरून निसटले. सारे राजकुटुंब एका जागी अडकू नये हा सल्ला येसूबाईंचा होता, असे परंपरा सांगते. प्रतापगड, मग पन्हाळा. तिथेही मोगल येऊन पोहोचले. सप्टेंबरच्या अखेरीस मोजकी माणसे घेऊन महाराज पन्हाळ्याहून निघाले आणि वेषांतर करीत, केळदीच्या राणी चेन्नम्मांचा आश्रय घेत, वेलोरमार्गे नोव्हेंबरच्या आरंभी जिंजीला पोहोचले. त्याच सुमारास रायगड पडला.

पन्हाळा ते जिंजी हे अंतर सरळ रेषेतही साडेसातशे किलोमीटरांच्या वर भरते. वाटेत पन्नास किल्ले असताना नेमकी हीच जागा का, हा प्रश्न माझ्यासारख्या पुस्तके आणि पायपीट यांवरच इतिहास शिकलेल्या माणसाला बरीच वर्षे सोडत नव्हता.

उत्तर बारा वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कुतुबशहाशी तह करून कर्नाटकात उतरले आणि विजापूरच्या सरदाराकडून जिंजी घेतली. वेलोरचा वेढा अधिक रेंगाळला. तो किल्ला १६७८ मध्ये हाती आला. जिंजी घेऊन महाराज थांबले नाहीत. मदुरा मिशनमधल्या एका जेझुइट पाद्र्याचे त्या काळचे पत्र आहे. नवे तट, खंदक, बुरूज आणि पाण्याची टाकी यांचे वर्णन करून, हे काम युरोपियनांनाही नाकारता येणार नाही असे झाले आहे, अशा आशयाचे तो लिहितो. परक्या धर्माच्या, कौतुक करण्याचे कारण नसलेल्या माणसाची ही साक्ष मला मोलाची वाटते.

आता आक्षेप येतो. पुढे जिंजी उपयोगी पडली, म्हणून महाराजांनी ती त्याचसाठी घेतली असे म्हणणे हे मागाहूनचे शहाणपण नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. कर्नाटकची स्वारी द्रव्यासाठी होती, मुलखासाठी होती, व्यंकोजीराजांकडच्या वडिलार्जित वाट्यासाठीही होती. पण केवळ खंडणी हवी असलेला माणूस इतक्या दूरच्या किल्ल्याचे तट नव्याने बांधत नाही. हेतू इथे कामावरून ओळखावा लागतो. मुलूख वसुलीसाठी घेतला असेल. जिंजीची डागडुजी मात्र वेढा सोसण्यासाठी केलेली आहे.

गडावर फिरताना हे पटते. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग अशा तीन टेकड्या एका तटबंदीत गुंफल्या आहेत. राजगिरी भोवतालच्या मैदानापासून सुमारे आठशे फूट उंच. माथ्याच्या अलीकडे कड्याला खोल भेग आहे. तिच्यावरचा लाकडी पूल काढून घेतला की वाट संपली. वर बारमाही झरा, खाली तळी, धान्याची प्रचंड कोठारे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधताना आधी पाणी पाहावे आणि एकाच पाण्यावर विसंबू नये, असा दंडक आला आहे. जिंजी त्या दंडकाला उतरते.

पण नुसत्या दुर्गमतेत रायगड कुठे कमी होता? तो जिंजीहून कितीतरी उंच आणि बिकट. तरी आठ महिन्यांत गेला. शत्रूची रसद त्याच्या पायथ्याशी सहज पोहोचत होती. जिंजीपुढे १६९० च्या सप्टेंबरात येऊन ठेपलेल्या झुल्फिकारखानाला धान्य, दारूगोळा, पैसा आणि कुमक सारेच लांबून आणावे लागले. १६९२ च्या अखेरीस संताजी आणि धनाजी त्याच्या पाठीवर आले, छावणीत उपासमार झाली आणि १६९३ च्या आरंभी त्याला वेढा उठवून वांदिवाशला मागे सरावे लागले.

दूर असूनही जिंजी जगापासून तुटलेली नव्हती. भोवती पिकाऊ मुलूख होता. तंजावरला भोसल्यांचेच राज्य होते; त्यांची मदत तोडण्यासाठी १६९४ मध्ये खानाला तिकडे चालून जावे लागले. किनारा जवळ होता. १६९० मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून देवनामपट्टणचा किल्ला रोख पैसे मोजून घेतला. तोच पुढे सेंट डेव्हिड किल्ला झाला. आसऱ्याला आलेला राजा अशा रीतीने पैसा उभा करू शकत होता, कारण आसरा बाजारापासून लांब नव्हता.

आणखी एक गोष्ट तटबंदीत दिसत नाही. जिंजीचा कारभार महाराजांचे जावई हरजीराजे महाडिक पाहत. राजाराम महाराज पोहोचण्याआधीच ते वारले आणि गड त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंच्या ताब्यात राहिला. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तँ याच्या नोंदींवरून, सख्ख्या सावत्र भावालाही दरवाजा सहज उघडला गेला नाही असे दिसते. आसरा किती पक्का, हे शेवटी किल्ली कोणाच्या कमरेला आहे यावर ठरते.

या आसऱ्याची किंमतही मोठी होती. शिवाजी महाराजांनी आवरून धरलेली वतने जिंजीहून खुल्या हाताने वाटावी लागली, कारण दूर बसलेल्या राजाजवळ माणसे धरून ठेवण्याचा दुसरा उपाय नव्हता. त्या वतनदारीने पुढे राज्याला दीर्घकाळ छळले. संताजी-धनाजींची तेढ जिंजीच्याच दरबारी विकोपाला गेली. १६९८ च्या सुरुवातीला किल्ला पडला तेव्हा राजकुटुंबातली माणसे मोगलांच्या हाती लागली.

महाराज मात्र त्याआधीच निसटले होते. खंडो बल्लाळांनी मोगली छावणीतल्या शिर्क्यांना वळवून वाट मोकळी केली, असे बखरी सांगतात. फेब्रुवारीत ते विशाळगडावर आले. येताना त्यांना राज्य शोधावे लागले नाही. रामचंद्रपंत, शंकराजी नारायण आणि असंख्य गडकऱ्यांनी ते आठ वर्षे लढवत ठेवले होते. जिंजीने राजा जपला, राजाच्या नावाने महाराष्ट्र लढला, आणि महाराष्ट्र लढत होता म्हणून जिंजी टिकली. यातला एक पाय निखळता तर दुसरा उभा राहिला नसता.

जिंजी गावात आज लोककथा ऐकू येतात त्या १७१४ मध्ये लढून पडलेल्या राजा देसिंगाच्या. त्यात गैर काही नाही. तो तिथे मेला, राजाराम तिथून परतले. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात महाराष्ट्राबाहेरचा किल्ला जिंजी हा एकच. शिवचरित्राचे आद्य साधन ठरलेली सभासदाची बखरही याच गडावर लिहिली गेली. रायगड शत्रूकडे आणि खाली तोफा, अशा वेळी राजाने थोरल्या महाराजांचे चरित्र लिहून मागितले. आसऱ्याला धान्य आणि पाणी लागते, तसे कशासाठी परतायचे याचे स्मरणही लागते.