वाट बघायची जागा

पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे शेजारशेजारचे तालुके. शिरूरला रेल्वे नाही आणि दौंडची तर ओळखच रेल्वे. दोन्ही गावांत चौक आहेत, मंदिरं आहेत, बाजार आहे. पण ‘तू कोणाचा?’ असं न विचारता कुणालाही तासभर बसू देणारी जागा म्हणाल, तर मी शिरूरचा एसटी स्टँड आणि दौंडचा फलाट सांगेन.

या जागा काही गप्पांसाठी बांधलेल्या नव्हत्या. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५८ मध्ये दौंडवरून पुढे गेला. १८७८ मध्ये मनमाडची लाईन सुरू झाली आणि दौंड जंक्शन झालं. ही लाईन अशी जोडलेली, की पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. तेवढ्या वेळात फलाटावर चहा व्हायचा, ओळखी व्हायच्या. तिकडे १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस अहमदनगरहून पुण्याला धावली. शिरूर त्याच रस्त्यावरचं.

आपल्याकडे रिकामं उभं राहायला कारण लागतं, बाईला तर जास्तच. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात मुंबईबद्दल हेच मांडलंय. तालुक्याच्या गावात ते कारण गाडीने पुरवलं. कॉलेजची मुलगी चौकात थांबली तर बातमी तिच्याआधी घरी पोचते. स्टँडवर थांबली तर ती बसची वाट बघत असते.

आता दौंडला कॉर्ड लाईन झाली. बऱ्याच गाड्या इंजिन न फिरवता परस्पर जातात. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप मोबाईल टॉवरच्या आधाराने गाडी कुठे आहे ते सांगतं, मग लोक घरूनच उशिरा निघतात. मी सॉफ्टवेअरवाला. लोकांचं ताटकळणं कमी करणं हा आमचा धंदाच, आणि ते चांगलंच आहे.

वाचलेला वेळ मात्र गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. तिथे १०२४ जण मावतात, म्हणून त्याला गावचा कट्टा म्हणतात. पण कट्ट्याला ॲडमिन नसतो, आणि कट्ट्यावर बसलं म्हणून सगळ्यांना आपला नंबर मिळत नाही. ग्रुपवर मिळतो. बायका तिथे गप्प का असतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

फलाटालाही तिकीट लागतं. पण खिडकीतला माणूस तिकीट देताना ‘कोणाची गं तू?’ विचारत नाही.