अलॉय व्हील : खड्डा रस्त्यातला आणि वॉरंटीतला

नवी मोटार घेतल्यानंतर तिच्यावर होणाऱ्या हौशी खर्चांत अलॉय व्हीलचा क्रमांक बराच वरचा लागतो. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात आणि पुण्यात नाना पेठेत अशा चाकांच्या चकचकीत रांगा दुकानांच्या दर्शनी भागात मांडलेल्या दिसतात. रुंद टायरांसह चार चाकांचा संच सहज लाखाच्या घरात जातो. एवढी किंमत मोजल्यावर हे चाक मूळ पोलादी चाकापेक्षा अधिक टिकाऊ असणार, असे ग्राहक गृहीत धरतो. बहुतेक तक्रारींचे मूळ या गृहीतकातच असते.

बोलीभाषेत या चाकांना ‘मॅग व्हील’ म्हणतात. शर्यतींच्या मोटारींना पूर्वी मॅग्नेशियमची चाके बसवत, त्यावरून हे नाव पडले. आज बाजारात मिळणारी जवळजवळ सर्व चाके ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अल्प प्रमाणात मॅग्नेशियम असते. साच्यातून काढलेले चाक सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून, झटकन थंड करून, पुन्हा कमी उष्णतेवर ठराविक काळ ठेवले जाते. चाकाला ताकद येते ती या उष्णता-प्रक्रियेमुळे. ही प्रक्रिया आटोपशीर उरकली, किंवा ओतकामात सूक्ष्म पोकळ्या राहिल्या, तर चाकाच्या बाह्यरूपावरून ते ओळखता येत नाही. घडीव चाके ओतीव चाकांपेक्षा हलकी आणि चिवट असतात, पण त्यांची किंमत कित्येक पट जास्त असते. ‘महाग’ म्हणून विकली जाणारी बहुतेक चाके ओतीवच असतात. ग्राहकाने पैसे मोजलेले असतात ते नक्षी, रंग आणि नाममुद्रेसाठी.

खड्ड्यात आपटल्यावर पोलादी चाकाची कडा वाकते आणि ती ठोकून सरळही करता येते. ॲल्युमिनियमचे चाक काही मर्यादेपर्यंत वाकते आणि मग तडकते. तडा बहुधा आतल्या कडेला जातो, जिथे मालकाची नजर कधी पोहोचत नाही. दर आठवड्याला एकाच टायरमधली हवा उतरते, पंक्चर मात्र सापडत नाही, अशी कुरकुर घेऊन गिऱ्हाईक आले की अनुभवी टायरवाला आधी चाक उलटे करून पाहतो, ते यामुळेच.

यात टायरचा वाटा मोठा आहे. उदाहरणादाखल १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरची बाजूची भिंत सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. त्याच मोटारीला १७ इंची चाके आणि २०५/४५ मापाचे टायर बसवले, तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच राहतो. भिंत मात्र ९२ मिलिमीटरवर येते. रस्त्याचा धक्का शोषणारी रबराची गादी अशी २८ मिलिमीटरनी कमी होते आणि तो धक्का थेट धातूवर येतो. पावसाळ्यात महाराष्ट्रातील शहरांच्या रस्त्यांची काय अवस्था होते, ते वेगळे सांगायला नको. युरोपातील गुळगुळीत रस्ते डोळ्यांसमोर ठेवून आखलेली फॅशन येथे जशीच्या तशी उचलली जाते आणि तिची किंमत जुलै-ऑगस्टमध्ये चुकती करावी लागते.

चाक मोटारीला ‘बसते’ म्हणजे ते तिच्यासाठी योग्य आहे, असे नव्हे. नटांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, जुळला की दुकानदार चाक चढवून देतो. परंतु ही चाके अनेक मोटारींना चालावीत म्हणून त्यांचे मधले छिद्र मुद्दाम मोठे, अनेकदा ७३.१ मिलिमीटरचे, ठेवलेले असते. होंडाच्या अनेक मोटारींच्या हबला ५६.१ मिलिमीटर छिद्र लागते, तर मारुती सुझुकीच्या अनेक मोटारींना ५४.१ मिलिमीटर. मधली फट भरणारे काही रुपयांचे कडे बसवले नाही, तर चाक नेमके मध्यावर बसत नाही आणि ताशी ८०-९० किलोमीटरला स्टिअरिंग थरथरू लागते. ग्राहक बॅलन्सिंगवर पैसे घालत राहतो. नटांचेही तसेच. होंडाच्या मूळ नटांची बैठक गोलाकार असते, तर बाहेरच्या बहुतेक चाकांना शंकूच्या आकाराची लागते. जुनेच नट वापरले तर ते सैल होण्याचा धोका असतो. नवी चाके बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्यायला दुकानदाराने सांगायला हवे. तेही अनेकदा राहून जाते.

चाक किती भार पेलू शकते, हा आकडा चांगल्या चाकाच्या मागील बाजूस कोरलेला असतो. भरलेल्या एसयूव्हीच्या मागच्या आसावर १,३५० किलो भार येत असेल, तर प्रत्येक चाकाची क्षमता किमान ६७५ किलो हवी. हॅचबॅकसाठीचे देखणे चाक केवळ पीसीडी जुळतो म्हणून अशा गाडीला लावणे हा उघड धोका आहे. चाकांच्या चाचण्या मुख्यतः तीन असतात : वळणावरचा ताण, सरळ भाराखालील थकवा आणि आघात. आघाताच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चाक १३ अंशांत तिरके ठेवून त्यावर २३० मिलिमीटर उंचीवरून वजन सोडतात. ६०० किलो क्षमतेच्या चाकासाठी ते वजन ५४० किलो असते. चाकावर दिसणारी जपानी ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण म्हणजे निर्मात्याने आपण निकष पाळल्याचे स्वतःच केलेले निवेदन होय. ‘व्हीआयए’ ही खूण स्वतंत्र तपासणीची असते. भारतातही केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून चाकांच्या रिमवर भारतीय मानक चिन्हाची सक्ती करण्याचे पाऊल उचलले. अंमलबजावणीची तारीख नंतर पुढे ढकलली गेली. मागच्या बाजूला यांपैकी काहीच कोरलेले नसेल, तर ते चाक घेऊ नये.

चकाकीचा प्रश्न वेगळा, पण तक्रारी त्याच्याच सर्वाधिक बोलक्या. ‘डायमंड कट’ चाकाचा पृष्ठभाग यंत्रावर कातून त्यावर केवळ पारदर्शक थर दिलेला असतो. खडीने त्याचा टवका उडाला की ओलावा आत शिरतो आणि थराखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरतात. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत हे लवकर होते. चाके धुताना आम्लयुक्त रसायन वापरले तर आणखी लवकर.

आता वॉरंटीकडे वळू. पत्रकावर रचनेची हमी काही वर्षांची, कधी आजीवन, आणि रंगाची एखाद्या वर्षाची असते. बारीक अक्षरांत मात्र आघात, खड्डा, चुकीची जोडणी, कमी हवा आणि दुरुस्ती यांतून झालेले नुकसान वगळलेले असते. भारतीय रस्त्यावर चाकाला जे होण्याची सर्वाधिक शक्यता, तेच नेमके हमीबाहेर! तडा गेल्यावर दुकानदार वितरकाकडे बोट दाखवतो, वितरक आयातदाराकडे, आणि आयातदार छायाचित्र मागवून ‘आघाताने झालेले नुकसान’ असा शेरा मारतो. तो शेरा कधीकधी खराही असतो. परंतु दोष धातूत होता की खड्ड्यात, हे छायाचित्रावरून ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. तोवर ती नक्षी बाजारातून गेलेली असते आणि एका चाकासाठी चारही बदलण्याची पाळी येते. मोटार कंपनी बाहेरची चाके पाहून सस्पेन्शनची हमी नाकारू शकते आणि विमा पत्रात नोंद नसलेल्या चाकांची भरपाई मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून मोटार कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांबाहेर जाऊ नये.

ग्राहक मात्र वाटतो तितका निराधार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही त्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणेही तसेच. भिंतीवर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे लिहिल्याने ही जबाबदारी संपत नाही. तक्रार ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आजमावून पाहता येतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

यासाठी बिलावर चाकाची नाममुद्रा, माप, ऑफसेट, भारक्षमता आणि कोरलेला क्रमांक लिहून घ्यावा. ‘मॅग सेट, चार नग’ एवढी नोंद पुढे उपयोगी पडत नाही. तडकलेले चाक कोपऱ्यावरच्या कारखान्यात वेल्डिंग करून आणण्याचा मोह टाळावा. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवतीची मूळ उष्णता-प्रक्रिया नष्ट होते आणि चाक तेथेच पुन्हा तुटू शकते. शिवाय एकदा वेल्डिंग झालेल्या चाकावरून त्याचा मूळ दोष सिद्ध करणे प्रयोगशाळेलाही अवघड जाते.