दम नेमका कुठे असतो?

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर सकाळी दोन पोरं पळत होती. एक गुडघ्यांवर हात टेकून वाकला : “थांब न बे, दम घेऊ दे.” दुसरा हसला : “तुझ्यात दमच नाही बे!” पहिल्याचा दम म्हणजे श्वास, दुसऱ्याचा दम म्हणजे ताकद.

शब्द मूळचा फारसी, अर्थ श्वास. मराठीत आल्यावर त्याने ऐसपैस संसार थाटला. चढावर दम लागतो, संकटात दम धरतात, उधारी थकली की दम देतात. दमाही याच घरचा.

शाळेच्या पुस्तकातलं ‘श्वसन’ मात्र संस्कृत ‘श्वस्’ धातूचं. त्याची भावंडं लोभस : निर्धास्त श्वास घेता येतो तो ‘विश्वास’, कोंडलेला श्वास मोकळा करतं ते ‘आश्वासन’. पण ‘श्वसन’ म्हटलं की ऐकणाऱ्याचं लक्ष जातं नाकाकडे, छातीकडे. म्हणून पुस्तकाला ‘शरीरस्तरावरील’ आणि ‘पेशीस्तरावरील’ अशी दोन श्वसनं सांगावी लागतात. ऊर्जा मोकळी होते ती दुसऱ्यात. पेशीत ग्लुकोज फुटतं, त्याचे तुकडे तंतुकणिकांमध्ये ऑक्सिजनच्या साहाय्याने पायरीपायरीने ‘जळतात’ आणि ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूंच्या रूपात हाती येते. ऑक्सिजन असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूमागे साधारण 30 ते 32 एटीपी, नसेल तर अवघे 2.

नागपुरात आणखी एक गंमत. इथे गल्लीत मराठी आणि हिंदी शाळांची पोरं एकत्र खेळतात. मराठीची ‘पेशी’ हिंदीत ‘कोशिका’, आणि हिंदीची ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा तुकडा, तेव्हा हिंदीच मुळाच्या जवळ. ‘पेशीत श्वसन होतं’ म्हटल्यावर हिंदी शाळेतला पोरगा दंडाची बेटकुळी फुगवून दाखवेल. शब्दात तो चुकेल, पण अगदीच नाही : पळणाऱ्याच्या अंगात या श्वसनाची सर्वांत मोठी धांदल स्नायूंच्याच पेशींत उडालेली असते.

स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. रघुवीर याच शहरात संस्कृत धातूंपासून शास्त्रीय परिभाषा घडवत होते. त्या टाकसाळीत फारसी दमाला कोण विचारणार? पण श्वास आणि शक्ती यांना एका अक्षरजोडीत बांधणारा शब्द पोरांच्या तोंडी आधीच होता.

फुटाळ्यावरचा पोरगा मिनिटभराने सरळ झाला. घेतलेला दम मांड्यांपर्यंत पोचला होता. “चल बे,” म्हणाला, आणि सुटला.