लेकरू कुणाचं? कायद्याचा थोडा इतिहास आणि माझी एक चूक

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

येत्या रविवारी गावात एका घरची बैठक आहे. नवरा-बायकोचं जमत नाही, बायको सहा महिन्यांपासून माहेरी आहे, मुलगी साडेतीन वर्षांची. मलाही बोलावणं आलं. उंद्रीच्या स्टँडवर चहा घेताना विषय निघाला तर एक वडीलधारे म्हणाले, "लेकरू बापाचंच असते भाऊ. कायद्यातबी तसंच हाये." चार जणांनी माना डोलावल्या.

वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका बैठकीत मीही मान डोलावली होती. चार वर्षांचं पोरगं आईच्या कडेवरून घेऊन बापाच्या हाती दिलं. आम्ही सगळे समजदार, शिकलेले. कायदा काय म्हणतो हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. तेव्हापासून जमेल तसं वाचत आलो. त्यातलं थोडं इथं लिहितो.

आपल्या देशात या विषयाचा मूळ कायदा इंग्रजांच्या काळचा, १८९० चा, पालक व पाल्य कायदा. तो अजूनही चालू आहे. गंमत अशी की त्या एकाच कायद्यात दोन कलमं एकमेकांना ओढत होती. कलम १७ म्हणतं, पालक नेमताना कोर्टाने मुलाचं हित बघावं. त्याचं वय, मुलगा की मुलगी, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याची वागणूक आणि कुवत बघावी, आणि मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यावी. दोनच कलमं पुढे जा. कलम १९ म्हणत होतं, बाप जिवंत असेल आणि नालायक ठरत नसेल तर कोर्टाने दुसरा पालक नेमायचाच नाही. म्हणजे हित बघा, पण बाप आहे तोवर फार बघू नका! स्टँडवरच्या आजोबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी ते बोलले असते तर बरंचसं बरोबर ठरलं असतं.

पुढे कोर्टांनी यातून वाट काढली. मुंबई उच्च न्यायालयाचा सरस्वतीबाई विरुद्ध श्रीपाद हा निकाल १९४१ च्या निकालसंग्रहांत छापलेला आहे. मूल लहान होतं. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की बघायचं ते बापाचं हित नाही, आईचंही नाही, फक्त मुलाचं. आणि आई सांभाळायला योग्य असेल तर इतक्या लहान लेकराला तिची जागा भरून काढणारं दुसरं माणूस मिळत नाही. पण पालक म्हणून बापाचं नाव कोर्टाने तसंच ठेवलं. लेकरू कुणाजवळ राहील हा ताबा. त्याच्या वतीने सही कोण करील हे पालकत्व. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या बैठकीत त्यांची नेहमी सरमिसळ होते.

१९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा आला, त्यातही ही वाटणी राहिलीच. नैसर्गिक पालक बाप, आणि "त्याच्यानंतर" आई. मात्र पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे. आणि कलम १३ मध्ये स्पष्ट, की मुलाचं हित सगळ्यात वर.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा खटला, जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान. सर्वोच्च न्यायालय, १९७०. नवरा-बायकोची घटस्फोटाची भानगड नव्हती, भांडण होतं शेताचं. शेत अज्ञान मुलीच्या नावावर. आईबाप वीस वर्षांहून जास्त काळ वेगळे. मुलगी आईजवळ, आणि १९५१ पासून शेत लावून देण्याचा व्यवहार आईच बघायची. आधी तोंडी, मग १९५६-५७ साली लेखी. प्रश्न आला, की बाप जिवंत असताना मुलीच्या वतीने हा करार करायचा आईला अधिकार होता का? कोर्ट म्हणालं, बाप जिवंत आहे खरा, पण मुलीच्या कामात तो काडीचं लक्ष घालत नाही, तिच्यापुरता तो नसल्यासारखाच. या परिस्थितीत आईच नैसर्गिक पालक. शेत मक्त्याने देणं आपल्याकडे काही नवं नाही, म्हणूनच हा निकाल वाचताना मला आपलीच चार घरं डोळ्यांसमोर आली.

याच निकालाचा आधार पुढे लेखिका गीता हरिहरन यांच्या खटल्याला मिळाला. १९८४ मध्ये त्यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. आई-बाप एकत्र राहणारे, दोघांची संमती. तरी बँक म्हणाली, बापाची सही आणा नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९९९ उजाडलं. "त्याच्यानंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, तो लक्ष देत नसेल, दोघांनी तसं ठरवलं असेल, दूर असेल, आजारी असेल तेव्हाही, असा अर्थ लावला. २०१० मध्ये १८९० च्या कायद्यातल्या त्या कलम १९ मध्ये बापाच्या जोडीला आईही आली. १२० वर्षं लागली बघा. पुढे २०१५ मध्ये गोव्यातल्या रॉक्सन शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पाचच्या आतलं लेकरू आईला द्यायचं नसेल तर ती योग्य नाही हे बापाने दाखवायचं. आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करत बसायचं नाही.

यावरून कुणी म्हणेल, कायदा बायकांचा. तसं नाही. मोठ्या मुलांचा ताबा बापाला मिळाल्याचे निकाल आहेत, ताबा कुणाकडेही असो, दुसऱ्याला भेटायची सोय कोर्ट सहसा लावून देतं. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात दोघांच्या सामायिक ताब्याची शिफारसही केली आहे, पण तसा कायदा अजून झालेला नाही. कोर्ट बघतं ते साधं: आजवर न्हाऊमाखू कोणी घातलं, शाळा कुठे, भावंडं एकत्र राहतील का, घरात मारहाण आहे का. जज मुलाला आपल्या खोलीत बोलावून त्याच्याशी बोलतात. नुसती एकराची यादी पुढे ठेवून ताबा मिळत नाही, कमाई जास्त असेल त्याने खर्च द्यावा एवढंच त्यातून निघतं. आणि ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, मूल वाढलं, परिस्थिती बदलली की बदलता येतो. आमच्या बैठकीतला निर्णय मात्र दगडावरची रेघ होता. त्या आईला पुढे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

रविवारच्या बैठकीला मी जाणार आहे. घर सांधत असेल तर चांगलंच. नाही सांधलं तर लेकरू कुणाकडे यावर मी मत देणार नाही, आणि आईच्या कडेवरून ते कुणाला घेऊही देणार नाही. बाईला बुलढाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात घेऊन जाऊ. महिलांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. बापाला भेटायचं असेल तर तेही तिथेच लिहून घेऊ. लेकराचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडीतली नोंद, एवढं सोबत ठेवा म्हणून तिच्या भावाला कालच सांगून आलो.